चौदा स्क्रू

नगरपालिकेच्या लिलावात बोली लावणारी मी एकटीच.
तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर पळालेली ॲम्ब्युलन्स,
त्यातले निम्मे तरी माझ्याच हातून.
कारकून म्हणाला, आयलिक्की, पेन्शनीत माणसं मांजर पाळतात.
म्हटलं, मांजराला क्लच नसतो.

डिसेंबरात केमियार्वीचा सूर्य उगवल्यासारखं करतो फक्त.
गराजमध्ये दिवस काय नि रात्र काय.
पहिल्यांदा स्ट्रेचरचे रूळ उखडायला घेतले.
बोल्ट गंजून तळाशी एकजीव झालेले;
गुरुवारच्या सूपचे वाटाणे ठेवावेत
तसे रात्रभर डिझेलात भिजत ठेवले.
सकाळी कुरकुरत एकेक निघाला.

ऑक्सिजनच्या कपाटात आता कॉफी, काळा पाव, पत्त्यांचा जोड.
सलाइनच्या हुकाला टॉवेल.
सायरनचं बटण मात्र काढवलं नाही.
त्याची तार उशाच्या दिव्याला जोडली:
दाबलं की उजेड. बाकी काही नाही.

शेजारचा ओस्मो लोकर घेऊन आला, सात पोती,
पत्र्याच्या पोकळ्यांत आम्ही ती बोटांनी कोंबली.
ओल्या मेंढीचा वास, आणि त्याच्याखालून
जंतुनाशकाचा जुना, हट्टी.
भांडतील काही दिवस, ओस्मो म्हणाला, मग नांदतील.
एरवी तो बोलत नाही. माप चुकलं की नुसतं नाक शिंकरतो.
माझ्या पहिल्या तीन फळ्यांच्या वेळी
त्याला भयंकर सर्दी झाली होती.

छताला बर्चच्या फळ्या मारायच्या आदल्या संध्याकाळी
आर्त्तुरी आठवला.
सावुकोस्कीचा रेनडियरवाला. छातीवर मूठ.
बाहेर उणे एकतीस, रोवानिएमी अजून सत्तर किलोमीटर.
आरशात बघून मी विचारलं, कसं वाटतंय?
म्हणाला, छताला चौदा स्क्रू आहेत.
एक सैल आहे. बघून घे.

बघते म्हटलं.
अकरा वर्षं बघितलं नाही.
त्याचं पुढं काय झालं तेही माहीत नाही;
इस्पितळाच्या दारात माणूस सोपवला
की आपली गोष्ट तिथंच तुटते.

मग मी आडवी झाले,
जिथं पलंग येणार होता तिथं, उघड्या पत्र्यावर, कोट घालून.
या गाडीत मी कधी पाठ टेकली नव्हती.
हे छत मला ठाऊकच नव्हतं.
पांढरं, बुटकं, मधोमध आटलेल्या तळ्यासारखा डाग.
किती जणांनी याच्याकडे बघत रस्ता काढला,
आणि मला वाटायचं, रस्ता मी काढतेय.
मोजले. तेरा.
पुन्हा मोजले. तेराच.
चौदाव्या जागी नुसतं भोक.

तो सापडला दोन दिवसांनी, मागच्या दाराच्या फटीत,
वाळू, एक केसाची पिन, आणि कुणाच्या तरी
कोटाचं निळं बटण यांच्यासोबत.
बटण आणि पिन मी बरणीत ठेवली, का ते विचारू नका.
स्क्रू जागेवर बसवला, कचकचून आवळला.
दुसऱ्या दिवशी त्याच्यावरून फळी गेली.
आता तो काही धरून ठेवत नाही,
पण घट्ट आहे.

मे महिन्यात तपासणी.
झोपायची सोय किती जणांची? अधिकाऱ्यानं विचारलं.
एकाची.
लिहिता लिहिता म्हणाला, आधीही एकाचीच होती की.

रंग आता शेवाळी. तरी हमरस्त्यावर
जुनी माणसं तिचा आकार ओळखतात,
गाडी कडेला घेऊन थांबतात.
मी काच खाली करून हात हलवते:
घाई नाही हो, घाई नाही.

पहिला मुक्काम तळ्याकाठी. डास, पाणी, लांब कुठंतरी बोटीचं इंजिन.
जूनमध्ये इथं रात्रीला अंधार सापडत नाही,
दिव्याची काही गरज नव्हती.
तरी बटण दाबलं.
आणि कान टवकारून
बराच वेळ तशीच पडून राहिले.